दुर्गम जंगलातला भयपट : कोल्हापूर परिसरात चित्रीकरणाचे नियोजन कसे करावे?

पश्चिमवाट (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातल्या आमच्या गटाने आजवर लघुपट आणि एकांकिका केल्या आहेत, आणि आता पूर्ण लांबीचा मराठी भयपट करण्याचे ठरवले आहे. चकवा लागणे ही आपल्याकडची जुनी समजूत कथेच्या मुळाशी आहे. घाटात रात्री जीप बंद पडते, तिच्यातले चौघे जण, ज्यांत दहा वर्षांची एक मुलगी आहे, पायवाटेने जवळच्या वाडीकडे निघतात आणि कितीही चालले तरी त्याच पाणवठ्यापाशी परत येतात. पहाटेपर्यंत चौघांपैकी कोण कोण ‘तेच’ राहिले आहे, हा चित्रपटाचा प्रश्न आहे.

सध्याचा आराखडा असा आहे : डिसेंबर-जानेवारीत दाजीपूरच्या जंगलात सलग २४ रात्री चित्रीकरण, सर्व संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करणे, एक प्रसंग जुन्या देवराईत, शेवटी मशाली घेऊन शोधायला निघालेले गावकरी, आणि अधूनमधून ड्रोनने वरून दिसणारे जंगल. एकूण खर्च ६५ लाखांत बसवायचा आहे, त्यांपैकी १८ लाख संकलन, ध्वनी आणि रंगसंस्कारासाठी (कलर ग्रेडिंग) बाजूला ठेवले आहेत. पटकथेचा तिसरा खर्डा झाला आहे. या आराखड्यात काय टिकेल आणि काय टिकणार नाही, हे अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

घाटमाथा

सर्वात आधी जागेविषयी लिहितो, कारण तिथेच तुमचा आराखडा अडेल. दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत त्याचा समावेश आहे. तिथला प्रवेशच मुळी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ आणि २८ खाली येतो. २०२२ च्या दुरुस्तीने कलम २८ मध्ये छायाचित्रणाच्या जोडीला चित्रपटनिर्मितीचा उल्लेख आला आहे हे खरे, परंतु अधिवासात कोणताही बदल न करता आणि अधिवासाला वा वन्यजीवांना बाधा न पोहोचवता, अशी अट त्याच ओळीत आहे. परवानगीचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे, त्यामुळे अर्जाला नागपूरपर्यंतचा प्रवास करावा लागतो.

आता तुमचा आराखडा त्या अटीसमोर ठेवून पाहा. पन्नास माणसे, जनरेटर, रात्रभर जळणारे दिवे, धुराची यंत्रे आणि मशाली. रात्रीच्या वेळी गव्यांचे कळप सड्यांवर (खडकाळ पठारांवर) चरायला उतरतात, अस्वले फिरतात, आणि कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावण्यास थेट मनाई आहे. अशा अर्जाला होकार मिळेल असे मला वाटत नाही, आणि मिळू नये असेही वाटते. दिवसा, मोजक्या माणसांनिशी, हातात कॅमेरा घेऊन दोन-चार दृश्ये टिपण्याची परवानगी मागणे निराळे. ड्रोनचा विचार अभयारण्यापुरता सोडून द्यावा.

अभयारण्याबाहेरच्या राखीव वनांतही भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू असतोच. त्यामुळे चित्रीकरणाची मुख्य जागा खाजगी मालकीची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबवही

घाटमाथा यांच्या मताला माझा पूर्ण दुजोरा आहे, फक्त ‘खाजगी मालकीची’ या शब्दांवर विसंबून जागेचा करार करू नये. सातबारा उतारा काढून इतर हक्कांचा रकाना नीट वाचावा. घाटालगतच्या पुष्कळ जमिनींवर १९७५ च्या कायद्यानुसार खाजगी वनाची नोंद आढळते, आणि मग मालकाने दिलेली संमती पुरेशी ठरत नाही. शिवाय स्वतःच्या रानातले झाड तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याची मर्यादा आहे, तेव्हा ‘कॅमेऱ्याला वाट करून देऊ’ म्हणत कोणी कोयता हाती घेणार नाही, हे कला विभागाला पहिल्याच दिवशी सांगावे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव, पोलीस ठाण्याचे पत्र आणि जमीनमालकाशी लेखी करार, ही तीन कागदपत्रे प्रॉडक्शन मॅनेजरच्या पिशवीत कायम असावीत.

पैशाविषयी बोलायचे तर २४ रात्री हा आकडा मला आशावादी वाटतो. जंगलात रात्री दिवे हलवायला जितका वेळ लागतो, त्यात दिवसाची दोन दृश्ये होतात. रात्रपाळीत पहिले तीन तास जोमात जातात, जेवणानंतर युनिट मंदावते आणि चारच्या पुढे माणसे यंत्रासारखी वावरतात. नेमके तेव्हाच कोणीतरी केबलला अडखळून पडते. म्हणून सलग रात्री न लावता पाच रात्री आणि एक पूर्ण विश्रांतीचा दिवस असा क्रम धरावा. जेवणाचे पाहणाऱ्या मंडळींना एक सूचना अवश्य द्यावी : मध्यरात्री तांबडा रस्सा वाढू नये. कोल्हापूरकरांना हे पटवणे कठीण आहे, पण वरण-भातावर काम चांगले होते.

पश्चिमवाट

घाटमाथा आणि हिशेबवहीताई, आपण दोघांनी केलेल्या सविस्तर मांडणीबद्दल आभारी आहे. दाजीपूर सोडून द्यायचे तर मनात दोन पर्याय आहेत. एक गगनबावड्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत असलेले मालकीचे रान, जिथे ओढा आणि जांभळीची जुनी झाडे आहेत. दुसरा चंदगड तालुक्यात तिलारीच्या बाजूचा. दुसरी जागा दिसायला फारच घनदाट आहे. मात्र माझी खरी अडचण निराळी आहे. चित्रपटात जंगल अफाट वाटले पाहिजे, आणि हाताशी येणारा तुकडा फार तर चार-पाच एकरांचा असेल. एवढ्यात चौघे जण रात्रभर चालत आहेत, हे कसे पटवून द्यायचे?

तिसरी_घंटा

ही अडचण तुमच्या कथेनेच सोडवलेली आहे, आणि तुमच्या लक्षात ते अद्याप आलेले दिसत नाही. चकव्यात सापडलेला माणूस नवा प्रदेश पाहतच नाही. तो त्याच जागी परत येतो. पाच एकरांचे रान ही तुमच्या कथेची गरज आहे. अफाट जंगल दाखवले तर प्रेक्षकाला वाटेल की ही माणसे निव्वळ वाट चुकली आहेत. तीच जांभळ, तोच वाकडा दगड, तेच पाणी चौथ्यांदा दिसले की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो.

तेव्हा पटकथा जागेनुसार न फोडता ‘फेऱ्यां’नुसार फोडावी. पहिल्या फेरीत पाणवठ्याजवळ दगड उजवीकडे असेल, तिसऱ्या फेरीत तो डावीकडे गेलेला असेल, आणि कोणत्याही पात्राने त्याचा उल्लेख करू नये. अशा बदलांची एक वही ठेवावी लागेल. एरवी कंटिन्युइटी पाहणारा सहायक सारे काही जसेच्या तसे राहील याची काळजी घेतो. तुमच्याकडे त्याला ठरवून केलेल्या चुका आणि नकळत झालेल्या चुका वेगळ्या ओळखाव्या लागतील. या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमावा आणि तो पटकथेच्या वाचनापासून सोबत असावा. पात्रांच्या कपड्यांवरचा चिखल, मुलीच्या वेणीची सुटत गेलेली रिबन, विजेरीचा मंदावणारा उजेड, हे सर्व त्या वहीत फेरीगणिक लिहिलेले असले, तर चित्रीकरण कोणत्याही क्रमाने करता येईल. एकेका ठिकाणी सर्व फेऱ्यांची दृश्ये एकाच मुक्कामात उरकली, तर दिवे लावण्याची मेहनत एकदाच पडते, आणि माझ्या मते २४ रात्रींच्या १६-१७ होतील.

दिवेलागण

तिसरी_घंटा यांनी फारच मोलाचे सांगितले. आता उजेडाचे बोलू. मी उमेदीची वर्षे लाइट विभागात घालवली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

जंगलात रात्री चंद्रप्रकाश दाखवताना नवखे लोक दिवे पात्रांच्या जवळ लावतात. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत असल्याने दुप्पट अंतरावर तो चौथाई राहतो. मग पुढचे झाड पांढरेफटक आणि मागचे काळेठिक्कर दिसते, आणि चंद्र अगदी दहा फुटांवर टांगला आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. त्यावर उपाय म्हणजे एकच मोठा दिवा लांब आणि उंचावर ठेवणे. शहरात त्यासाठी क्रेन लागते, पण आपल्याकडे डोंगराचा उतार असतो. ओढ्यापासून वर चढत जाणारे रान निवडावे आणि दिवा वरच्या टेपावर, पात्रांच्या पाठीमागे येईल असा लावावा. पानांच्या कडा उजळतात, धुक्याचा पदर दिसतो आणि चेहरे अर्धवट अंधारात राहतात. पुढून फक्त एखादा पांढरा कापडी पडदा किंवा थर्माकोल पुरतो. म्हणून रेकीला (जागेच्या पाहणीला) जाताना नुसते झाडांकडे पाहू नका, वरच्या बाजूला गाडी कुठवर जाते तेही पाहा.

आजच्या कॅमेऱ्यांमुळे हे काम पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहे. सोनीच्या एफएक्स३ सारख्या कॅमेऱ्यात ८०० आणि १२८०० अशा दोन मूळ संवेदनक्षमता (आयएसओ) मिळतात, आणि १२८०० वर विजेरीच्या परावर्तित उजेडातही चेहरा वाचता येतो. त्यामुळे जनरेटरचा भार बराच कमी करता येईल. तरीही पूर्ण अंधारावर भरवसा ठेवू नये. पडद्यावर अंधार दिसायचा असेल, तर चौकटीत कुठेतरी उजेडाचा एक ठिपका लागतोच, नाहीतर नुसता करडा गोंगाट (ठिपक्यांची गर्दी) दिसतो आणि जिल्ह्यातल्या जुन्या प्रोजेक्टरवर तोही दिसत नाही.

आणखी एक सूचना, जी तरुणांना जुनाट वाटेल : दाट झाडीतली काही दृश्ये दिवसाच उरकावीत. सूर्य पाठीमागे ठेवावा, आकाश चौकटीत येऊ देऊ नये, उघडीप (एक्स्पोजर) दोन स्टॉपने, म्हणजे चौथाईपर्यंत, कमी करावी आणि उरलेले काम रंगसंस्कारात करावे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून १९२० मध्ये पडद्यावर चित्रपट आणला, त्या गावातल्या मंडळींनी सूर्याला कमी लेखू नये. धावण्याची, पडण्याची, ओढा ओलांडण्याची दृश्ये दिवसा केली, तर हातपायही शाबूत राहतील.

हिशेबवही

दिवेलागणकाका, या सूचनेचा कायदेशीर फायदाही आहे. कथेत दहा वर्षांची मुलगी आहे. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात ५ तासांहून अधिक काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून अधिक ठेवता येत नाही. शिवाय निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. रात्रभर चालणाऱ्या कथेत ते मूल जवळजवळ प्रत्येक दृश्यात आहे, म्हणजे संपूर्ण वेळापत्रक तिच्या ५ तासांभोवती फिरणार. तिची जास्तीत जास्त दृश्ये दिवसाच्या उजेडात रात्रीसारखी घ्यावीत, आणि रात्रीच्या दृश्यांत पाठमोरी किंवा दूरची आकृती हवी असेल तिथे तेवढ्याच उंचीची सज्ञान कलाकार वापरावी. पटकथेचा ब्रेकडाऊन (दृश्यागणिक तक्ता) करताना मुलीच्या दृश्यांना वेगळा रंग द्यावा, म्हणजे एका नजरेत सारे दिसेल.

कानोसा

ध्वनिमुद्रक म्हणून माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे : डिसेंबर-जानेवारीला, आणि सर्व संवाद जागेवरच घेण्याच्या हट्टाला.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे आपल्याकडे उसाचा गळीत हंगाम. रात्री-अपरात्री उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत गाणी लावून जातात, आणि शांत रात्रीत तो आवाज डोंगराच्या कुशीत पार आतपर्यंत येतो. गगनबावड्याच्या रस्त्याचे रान निवडणार असाल, तर रेकी रात्री दहा ते चार या वेळेत करावी, हेडफोन लावून करावी, आणि ती हंगाम सुरू असताना करावी. दिवसा पाच जण गाडीतून उतरून ‘वा, काय शांत जागा आहे’ म्हणतात, त्या मताला अर्थ नसतो.

दुसरे, रातकिडे. बऱ्याच रातकिड्यांचा आवाज साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि मराठीतले स, श, च यांसारखे वर्ण ऐकू येण्यासाठी नेमका तोच भाग लागतो. तो आवाज नंतर गाळायला गेले की संवादही बोथट होतात. म्हणून कुजबुजीचे संवाद डबिंगमध्ये घ्यावे लागतील असे धरूनच खर्चाची तरतूद करावी. मोठ्याने मारलेल्या हाका, धापा आणि रडणे मात्र जागेवरचेच ठेवावे, कारण बंद खोलीत तो जीव येत नाही. प्रत्येक जागी दृश्य संपल्यावर सर्वांना स्तब्ध उभे करून दोन मिनिटांचा नुसता रानाचा आवाज घ्यावा. रातकिडे एकदम थांबणे हे भयपटाचे सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक साधन आहे, पण ते थांबवायला आधी ते नीट मुद्रित केलेले असले पाहिजेत.

आणखी एक कळकळीची विनंती. परदेशी ध्वनिसंग्रहातले लांडग्याचे विव्हळणे घाटातल्या जंगलात वापरू नये. लांडगा हा आपल्याकडे माळरानाचा प्राणी आहे. घाटात रात्री भेकर भुंकते, सांबर धोक्याची एकच मोठी हाक देते, रातवा ठोक्यासारखा बोलत राहतो, आणि भेकराचे ते कोरडे भुंकणे अंधारात पहिल्यांदा ऐकणारा माणूस जागचा हलत नाही. पावसाळ्यात तर पहाटे कस्तूर पक्षी माणसासारखी शीळ घालतो, सूर चुकत चुकत, एखादा पोरगा रानात एकटाच शीळ घालत फिरावा तशी. चकव्याच्या कथेसाठी याहून चांगला आवाज मिळणार नाही. जून-जुलैमध्ये एक-दोन माणसांनी जाऊन तो टिपून आणावा.

पश्चिमवाट

कस्तुराची सूचना वाचल्यावर पटकथेतली एक जागा बदलावीशी वाटते आहे. आमच्याकडे पात्रांना मागून हाक ऐकू येते आणि ‘रात्री मागून हाक आली तर ओ देऊ नये’ हा संकेत आत्या सांगते. त्या हाकेऐवजी शीळ ठेवता येईल.

मग हंगाम कोणता धरावा? फेब्रुवारी-मार्च धरला तर पानगळीचा प्रश्न येतो का?

घाटमाथा

येतो, पण जागेनुसार. गगनबावड्याच्या बाजूला निमसदाहरित पट्ट्यात जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्यामुळे वरचे छत बऱ्यापैकी टिकते. खालची कारवी आणि गवत मात्र वाळून पिवळे पडते, आणि पायाखाली पाचोळा इतका वाजतो की कानोसा पुन्हा आक्षेप घेतील. एप्रिलपर्यंत वणव्यांचा धोका वाढत जातो. माझ्या मते पाऊस उघडल्यानंतरचा, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ योग्य. रान हिरवे असते, ओढ्याला पाणी असते, पहाटे खरेखुरे धुके उतरते, आणि ऊसतोड नुकतीच सुरू होत असते. या काळात रात्रीही लांबू लागतात; मे महिन्यात आपल्या अक्षांशावर रात्र ११ तासांची असते, ती डिसेंबरात जवळजवळ १३ तासांवर जाते. जळवांसाठी मोजे आणि तंबाखूची पुरचुंडी ठेवली की झाले.

चंदगड-तिलारीच्या पर्यायाविषयी सावध करतो. त्या भागात रानटी हत्तींचा वावर आहे. शिवाय शेजारच्या दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून पसरतो आणि त्याचा जोर हिवाळा-उन्हाळ्यात असतो. पाचोळ्यात लोळण्याची दृश्ये असलेल्या चित्रपटासाठी ही जागा मी निवडणार नाही.

सापांविषयी सर्वजण विचारतात. घोणस, फुरसे, नाग, मण्यार यांच्यावरची प्रतिविषाची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. चित्रीकरणस्थळापासून ती कुठे उपलब्ध आहे, रात्री तिथे डॉक्टर असतात का आणि तिथून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्यायला किती वेळ लागतो, हे आधी जाऊन विचारून ठेवावे, आणि एक गाडी चालकासह फक्त त्यासाठी राखून ठेवावी. तिच्यातून मध्येच कोणी चहा आणायला जायचे नाही.

परंतु मला सापांपेक्षा आग्या मोहोळाची भीती अधिक वाटते. या माश्या रात्रीही उजेडाकडे झेपावतात आणि धुराने चवताळतात. दिवेलागण यांचा मोठा दिवा आणि तुमचे धुराचे यंत्र एखाद्या पोळ्याखाली आले, तर पूर्ण युनिट रुग्णालयात असेल. दिवा जिथे लागणार त्या प्रत्येक झाडाचा शेंडा दिवसा दुर्बिणीने पाहून घ्यावा.

दिवेलागण

आग्या मोहोळाचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे वरचा परिच्छेद प्रत्येकाने दोनदा वाचावा. धुराविषयी भर घालतो. उघड्या रानात धुराचे यंत्र वाऱ्यापुढे टिकत नाही. ओढ्याच्या घळीत, पहाटे वारा पडल्यावर ते साधते. जमिनीलगत तरंगणाऱ्या धुक्यासाठी कोणी कोरडा बर्फ सुचवील. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो, आणि तुमच्या कथेत पात्रे नेमकी ओढ्याच्या खोलगट जागी निपचित पडलेली आहेत. त्या दृश्यात तो अजिबात वापरू नये.

मशालींऐवजी कापडाच्या आत नारिंगी एलईडी बसवून लुकलुकणाऱ्या मशाली तयार करता येतात. लांबच्या दृश्यात फरक कळत नाही. जवळच्या दृश्यासाठी खरी ज्योत हवीच असेल, तर ते चार शॉट मोरेवाडीच्या चित्रनगरीत मोकळ्या जागेत, अग्निशामक यंत्रणा हाताशी ठेवून घ्यावेत. वाडीतल्या झोपडीचा अंतर्भागही तिथेच उभारावा. रानात झोपडी बांधण्याचा खर्च, राखण आणि परवानग्या सगळेच वाचेल.

बावड्याकडचा

आतापर्यंत नुसते वाचत होतो, पण देवराईविषयी कोणीच बोललेले नाही म्हणून लिहितो. मी गगनबावडा तालुक्यातला आहे. देवराईतली वाळकी काटकीही आमच्याकडे कोणी घरी नेत नाही. तिथे रंगवलेले चेहरे घेऊन रात्री धावपळ केलेली गावाला चालणार नाही, आणि सरपंचांनी कागद दिला तरी गावकीने होकार दिला असे होत नाही. गुरवांना आणि वडीलधाऱ्यांना आधी भेटावे, पटकथेत देवस्थानाचे काय दाखवणार आहात ते खरे सांगावे.

दुसरे म्हणजे प्रसिद्धी. ‘खरोखर झपाटलेल्या जागी चित्रीकरण’ असे छापून आमच्या एखाद्या वाडीचे नाव लावू नका. चित्रपट दोन आठवड्यांत उतरेल, आणि त्या वाडीत सोयरीक घेऊन येणारे पाहुणे पुढची दहा वर्षे प्रश्न विचारतील. कथेत गुरव किंवा भगत हा नरबळी देणारा दाखवण्याची जी रीत पडली आहे, तीही कृपया टाळावी.

तिसरी_घंटा

देवराईच्या मुद्द्यावर मी अंशतः असहमत आहे. लेखकाने गावाला विचारून कथा लिहायची म्हटले, तर लोककथांमधली निम्मी भुते बेरोजगार होतील. देवराई कथेत असावी, तिची भीतीही असावी. चित्रीकरण मात्र तिथे करू नये, इथवर मी तुमच्याबरोबर आहे. जांभळीच्या रानात चार विरगळींसारखे दगड फायबरचे करून मांडले, एक जुनी घंटा टांगली, की पडद्यावर देवराई उभी राहते. प्रसिद्धीविषयीचे आपले म्हणणे पूर्ण मान्य. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ज्या राज्यात इतकी वर्षे झगडावे लागले, तिथे कल्पित कथा सांगणे आणि लोकांना खरे भूत विकणे, यांतली रेषा निर्मात्यानेच सांभाळावी.

बावड्याकडचा

कथेत देवराई ठेवायला माझीही हरकत नाही. दगड फायबरचे असतील तर गावातलेच सुतार आणि मूर्तिकार हाताशी घ्यावेत, त्यांना दगड कसे झिजतात ते ठाऊक असते. रात्रीची राखण, सामान वाहणे, वाट दाखवणे यांसाठीही वाडीतली माणसे घ्या आणि मजुरी रोजच्या रोज द्या. आणखी एक : नोव्हेंबरात आमच्याकडे भाताची कापणी-मळणी चालू असते, त्या दिवसांत माणसे मिळणार नाहीत. आधी तारखा सांगितल्या तर जुळवता येईल.

कानोसा

हिशेबवहीताईंना एक प्रश्न. भयपटाला कोणते प्रमाणपत्र धरून चालावे? ध्वनीच्या धक्क्यांची तीव्रता त्यावर ठरवावी लागते.

हिशेबवही

‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळाले तर दूरचित्रवाणीवर तो चित्रपट तसाच दाखवता येत नाही, आणि मराठी चित्रपटाच्या उत्पन्नात ती विक्री सोडून देणे परवडत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन स्तर झाले आहेत. यूए १६+ हे लक्ष्य ठेवून रक्ताची दृश्ये बेताची ठेवावीत; चकव्याच्या कथेला रक्ताची गरजही नाही. कुत्रा, बैल किंवा घुबड यांपैकी काही दाखवणार असाल, तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते, ती विसरल्यास प्रमाणपत्राच्या टप्प्यावर अडकाल. घुबड तर संरक्षितच आहे, त्याचा फक्त आवाज वापरा.

पश्चिमवाट

सर्वांच्या प्रतिसादांनंतर आराखडा पुढीलप्रमाणे बदलत आहे. मुख्य जागा गगनबावड्याच्या अलीकडचे मालकीचे रान, सातबारा तपासून आणि उताराच्या वरच्या बाजूला वाहन जाते का ते पाहून. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ९ रात्री आणि मुलीच्या दृश्यांसाठी ६ दिवस, नंतर कापणी उरकेपर्यंत थांबून त्या वेळेत चित्रनगरीत झोपडी आणि ज्योतीचे शॉट, आणि नोव्हेंबरअखेरीस उरलेल्या ५ रात्री. दाजीपूरमधून फक्त दिवसाची, परवानगीने आणि तीन माणसांनी घेतलेली दृश्ये. नाही मिळाली तर त्यांच्यावाचून चालवू. वाचलेल्या रात्रींचे पैसे डबिंग, रुग्णवाहिका आणि विम्याकडे वळवतो. एक शंका उरते : दोन टप्प्यांमध्ये ओढ्याचे पाणी उतरले, तर फेऱ्यांच्या वहीचे काय करायचे?

तिसरी_घंटा

पाणवठ्याच्या सर्व फेऱ्या पहिल्या टप्प्यातच संपवाव्यात. एखादी राहिलीच, तर ती शेवटची फेरी असू द्यावी आणि पाणी उतरलेलेच दाखवावे.

दिवेलागण

आणि पहिल्या टप्प्याच्या तारखा धरताना कॅलेंडरात कोजागरी पाहून घ्या. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री लांबची दृश्ये ठेवली, तर युनिटला वाट दिसते आणि विजेऱ्यांची निम्मी धावपळ वाचते. रेकीला जाल तेव्हा कळवा, मी येईन.